वर्तमान कशास म्हणावें?

कोठें काय झालें हें कळून घेण्याची मनुष्यास जी उपजत ओढ असते, तिच्यावरच वर्तमानपत्रांचा सारा व्यवहार चालतो. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईस 'दर्पण' काढलें. ह्या पत्राचें नांव मोठें अर्थपूर्ण आहे. आरशापुढें जें येईल तें आरसा दाखवितो; तो निवड करीत नाहीं. परंतु खरें पाहतां वर्तमानपत्र हा आरसा नव्हे. एका दिवसांत जगांत घडणाऱ्या गोष्टी अगणित, आणि पानें मात्र मोजकीं. तेव्हां कोणती गोष्ट घ्यावी व कोणती टाकावी हें कोणींतरी ठरविलेंच पाहिजे. तें कोण ठरवितो, कोणत्या नियमानें ठरवितो, आणि तो नियम न्यायाचा आहे काय, ह्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील डेव्हिड मॅनिंग व्हाइट ह्या अभ्यासकानें १९४९ सालीं एका लहान शहरांतील पत्राच्या संपादकास अशी विनंती केली कीं, तारेनें आलेल्या ज्या बातम्या आपण टाकून द्याल, त्यांवर टाकण्याचें कारण लिहून ठेवावें. आठवड्याचा ढीग तपासतां असें दिसून आलें कीं, आलेल्या मजकुरापैकीं सुमारें नऊदशांश भाग टोपलींत गेला होता. कांहींवर जागा नसल्याचा शेरा होता. कांहीं केवळ त्या गृहस्थांस रुचल्या नव्हत्या. त्यांत लबाडी नव्हती. पण एका माणसाच्या आवडीनिवडीवर हजारों वाचकांचें जग ठरत होतें.

पुढें १९६५ सालीं योहान गाल्टुंग व मारी रूगे ह्यांनीं काँगो, क्यूबा व सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या चार नॉर्वेजियन पत्रांत कशा आल्या हें पाहून बातमीच्या बारा कसोट्या मांडल्या. त्यांचें सार असें कीं, जें अकस्मात् घडतें, जें आकारानें मोठें असतें, जें आपल्यास जवळचें वाटतें, ज्यांत थोर राष्ट्रें वा थोर माणसें असतात, आणि जें वाईट असतें, तें लवकर बातमी होतें. ह्या कसोट्या संपादकांनींच शोधून काढल्या आहेत असें नाहीं. चावडीवर बसणारा मनुष्यही नकळत त्याच लावतो. विहिरींत कोणी पडलें तर सारा गांव धांवतो. विहीर आटत चालली तर कोणी धांवत नाहीं.

आमच्या मतें सर्व दोषाचें मूळ येथेंच आहे. भूकंपाला तिथि असते, दुष्काळाला नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस धरणी हादरली, आणि दिवस मावळण्यापूर्वीं तें सर्व देशास कळलें. परंतु उपासमारीनें मूल वाळत जातें, तेव्हां 'हें आज घडलें' असें कोणत्या दिवशीं लिहावें? थॉमस आयझेन्से व डेव्हिड स्ट्रोमबर्ग ह्या विद्वानांनीं १९६८ ते २००२ पर्यंतच्या सुमारें ५,००० आपत्ति व त्यांविषयींच्या अमेरिकन दूरचित्रवाणीवरील बातम्या ताडून पाहिल्या. २००७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष अंगावर कांटा आणणारा आहे. ज्वालामुखीनें एक मनुष्य मेला असतां बातमी येण्याचा जितका संभव, तितका संभव येण्यास अन्नटंचाईनें जवळजवळ ४०,००० माणसें मरावीं लागतात! शिवाय, ऑलिंपिक सामन्यांसारख्या गजबजीच्या दिवसांत जी आपत्ति बातम्यांतून सुटली, तिला सरकारी मदतही मिळण्याचा संभव कमी झाला. म्हणजे बातमीची निवड ही केवळ छपाईची बाब नसून कित्येकांच्या जीविताचा प्रश्न आहे.

ह्याचा सर्वांत दारुण दाखला आपल्याच देशांतील आहे. १९४३ सालीं बंगालच्या खेड्यांतून माणसें अन्नावांचून मरत होतीं. पण युद्धकाळचे निर्बंध कडक होते आणि सरकार 'दुष्काळ' हा शब्दही टाळीत होतें. भुकेलेले लोक कलकत्त्याच्या रस्त्यांवर येऊन पडूं लागले, तेव्हां 'स्टेट्समन' पत्राचे इंग्रज संपादक इयन स्टीफन्स ह्यांनीं २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकांत त्यांचीं छायाचित्रें छापलीं. त्यानंतर ती गोष्ट झांकणें कोणास शक्य राहिलें नाहीं. चौकशी-मंडळानें मृतांचा अंदाज सुमारें १५ लाख केला. पुढील कित्येक अभ्यासकांच्या मतें तो ३० लाखांच्या घरांत जातो. तो दुष्काळ बालपणीं पाहिलेले अमर्त्य सेन ह्यांनीं पुढें असें प्रतिपादन केलें कीं, जेथें लोकशाही व स्वतंत्र वृत्तपत्रें नांदतात, तेथें मोठा दुष्काळ पडत नाहीं.

तथापि स्वातंत्र्य मिळालें म्हणजे दृष्टि आपोआप मिळते असें नाहीं. २००६ सालीं मुंबईस वस्त्रप्रावरणांच्या प्रदर्शनाचा एक सप्ताह झाला. त्यास पांचशेंहून अधिक पत्रकार हजर होते; त्याच वेळीं विदर्भांत कापूस पिकविणारे शेतकरी आत्महत्या करीत असतां तेथें गेलेले बाहेरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, असें पी. साईनाथ ह्यांनीं दाखवून दिलें. प्रदर्शनांत मिरविलें गेलें तें कापसाचेंच वस्त्र!

ह्यावर कोणी म्हणेल, वर्तमानपत्र हें अन्नछत्र नव्हे. वाचक मागेल तेंच त्यानें पुरविलें पाहिजे. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच आहे. स्टीफन्स ह्यांनीं छापलेलीं तीं चित्रें कोणीं मागितलीं होतीं? वाचकाची रुचि ही जन्मजात नसते; जें वाढलें जातें त्यावर ती घडते. दुसरें असें कीं, आज बातमी पुष्कळांच्या हातांतील मोबाइलवर येते, आणि आपण काल जें पाहिलें त्यावरून यंत्रच आज काय दाखवावें हें ठरवितें. तेव्हां निवडीचा कांहीं भार आतां आपल्या स्वतःच्या बोटावरही येऊन पडला आहे.

ख्रिस्ती मंडळी ज्यास शुभवर्तमान म्हणतात, त्या शब्दांतही 'वर्तमान' आहेच. त्या काळीं रोमांत आजच्यासारखें दैनिक असतें, तर कैसर औगुस्ताच्या नांवनिशीचा हुकूम पहिल्या पानावर झळकला असता. बेथलेहेमांतील गव्हाणींत निजविलेल्या बालकास त्यांत एक ओळही मिळाली नसती. तें वर्तमान प्रथम कळलें तें रानांत रात्रीं कळप राखणाऱ्या मेंढपाळांस. मोठेपणाची कसोटी किती फसवी असते, हें ह्याहून स्पष्ट कोण सांगेल?

विद्यार्थिमित्रांनो, संपादकांस दोष देऊन स्वस्थ बसणें सोपें आहे. शाळेच्या फळ्यावर रोज ठळक बातम्या लिहिण्याची जी चाल आहे, तिच्यांत आम्ही एवढीच भर सुचवितों कीं, एक कोपरा सावकाश घडणाऱ्या गोष्टींसाठीं राखून ठेवावा. गांवच्या विहिरीचें पाणी गेल्या महिन्यापेक्षां किती खालीं गेलें? दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेलीं किती मुलें वर्गांत परत आलीं नाहींत? अशा ओळी लिहितां लिहितां तुमच्यांतून उद्यांचे संपादक निघतील. निदान चांगले वाचक तरी खास निघतील. विहीर आटूं लागतांच जो धांवतो, तोच खरा वार्ताहर, असें आमचें मत आहे.