रिकामे हात व दारचें अरण्य

हातांस काम नाहीं आणि कामास हात नाहींत, अशा दोन तक्रारी एकाच मुलुखांत ऐकूं येऊं लागल्या, तर दोष बहुधा जुळणीचा असतो. भंडारा जिल्ह्याकडे पाहतांना आम्हांस हाच विचार सुचतो.

नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें. २०१३ सालीं नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. पवनीकडे उमरेड-कऱ्हांडल्याचें रान आहे. प्रवासी आला कीं वाटाड्या, वाहनचालक, स्वयंपाकी अशीं माणसें लागतात. तीं दुरून आणण्यांतला धोका २०२० च्या साथींत दिसला. परगांवचे कामकरी घरीं परतले, आणि पुढें देशोदेशींच्या उपाहारगृहांस माणसें मिळेनाशीं झालीं.

येथील शेतीचें वेळापत्रक मात्र या कामास सोयीचें आहे. धानाची रोवणी पावसाळ्यांत होते आणि ती मुख्यतः बायकाच करतात. त्याच दिवसांत व्याघ्रप्रकल्पांतील भ्रमंती बंद असते. कापणी-मळणी आटोपल्यावर कोरडवाहू गांवांत हात रिकामे होतात, तेव्हां अरण्यांत प्रवाशांचा हंगाम भरास येतो. अडचण उन्हाळ्यांतील तेंदूपानांच्या थोड्या दिवसांची. पानें पहाटे तोडावयाचीं आणि प्रवासीहि पहाटेच निघावयाचा. पाळ्या लावल्यास तीहि सुटेल. शिवाय, तलावांवर जन्म घालविलेल्या ढिवरास पाणपक्षी कोणीं शिकवावयास नकोत.

ताडोबा व पेंच येथें गांवच्या स्त्रिया वाटाड्याचें काम करीत आहेतच. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ धोरणांत पर्यटनव्यवसाय काढणाऱ्या स्त्रियांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची सोय आहे. परंतु कर्ज उपयोगी पडतें तें स्वतःचा धंदा थाटणारीस. जिला रोजचें काम हवें, तिला शिक्षण, पहाटेची सुरक्षित ने-आण आणि मूल सांभाळणारें कोणी हवें.

आपल्या एकत्र कुटुंबांतील सून निर्धास्तपणें नोकरीस जाते, ती घरीं सासूबाई नातवंडास घेऊन बसतात म्हणून. वाटाड्या स्त्रीचेंहि मूल कोणाच्या तरी मांडीवर असतें, हें आपण विसरूं नये. सुटींत मुलांबाळांसह तिकडे गेल्यास गांवची वाटाड्या आवर्जून मागावी, तिचा मोबदला घासाघीस न करतां द्यावा, आणि वाघ दिसला नाहीं म्हणून तिच्यावर रुसूं नये. प्रवाशांनीं मागणी केली, तर व्यवस्थापकांस तिची सोय करावीच लागेल.