बालसंगोपन : जिभेच्या मुळाशीं गांठ

तान्ह्या मुलाच्या जिभेंत गांठ आढळली, कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो आईच्या आचरणाचा. ग्रहण पाळलें नसेल, डोहाळे पुरले नसतील, भलतेंसलतें खाल्लें असेल! त्या बाईनें काय उत्तर द्यावें? उत्तर गर्भशास्त्रानें दिलेलें आहे. घरांतील वडील माणसांनीं तें आधीं वाचावें हें बरें.

जीभ एकसंध उगवत नाहीं. गर्भाच्या ४ थ्या आठवड्यापासून घशाच्या तळाशीं लहान लहान उंचवटे उठतात व एकमेकांस मिळून ती बनते. याच सुमारास तिच्या पुढच्या व मागच्या भागांच्या सीमेवर थायरॉईड ग्रंथीचा अंकुर फुटतो. तो खालीं उतरूं लागतो आणि ७ व्या आठवड्याच्या सुमारास मानेंत आपल्या जागीं पोंचतो. त्याच्या वाटेवरची बारीक नळी पुढें नाहींशी व्हावयाची. खूण म्हणून जिभेवर एक खळगी तेवढी उरते. क्वचित् नळीचा एखादा तुकडा मागें राहतो, त्याचें अस्तर द्रव पाझरूं लागतें आणि गांठ तयार होते. बहुधा ती मानेंत दिसते. जिभेच्या मुळाशीं विरळाच. नवल असें, कीं कांहीं मुलांच्या जिभेंतील गांठीस चक्क जठराचें अस्तर असतें! जठर ज्या आद्य नळीपासून होतें तिच्याच पेशी जीभ जुळतांना आंत कोंडल्या गेल्या, असें याचें कारण मानतात.

हें सारें पहिल्या दोन-अडीच महिन्यांतलें. कित्येकींना दिवस गेल्याची खात्री होण्यापूर्वींच त्याचा प्रारंभ झालेला असतो. डोहाळ्यांचा किंवा ग्रहणाचा येथें संबंध नाहीं.

खरी काळजी निराळीच. ही गांठ तोंड उघडतांच दिसेल असें नाहीं. उताणें निजविल्यावर श्वासास घरघर लागणें, दूध पितांना वारंवार गुदमरणें, हीं लक्षणें सर्दीच्या नांवावर घालवूं नयेत. मूल निळें पडूं लागल्यास तत्क्षणीं रुग्णालय गांठावें. जिभेस वेखंड लावणाऱ्या आजीबाईंस आमचा नमस्कार, परंतु या गांठीवर त्याचा उपयोग नाहीं. सुईनें टोंचून पाणी काढणें तर घरीं मुळींच करूं नये. शिवाय अस्तर आंत राहिलें, कीं पिशवी पुन्हां भरते. म्हणून शस्त्रवैद्य ती अस्तरासकट काढतात.

त्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य विचारावी : मानेंतील थायरॉईड जागेवर आहे काय? कधीं कधीं ती खालीं उतरलेलीच नसते, आणि जिभेच्या मुळाशीं दिसणारी गांठ हीच मुलाची एकुलती एक थायरॉईड ग्रंथि असते. ती काढल्यास त्यास जन्मभर रोज गोळी घ्यावी लागेल. मानेची सोनोग्राफी केली म्हणजे बहुधा याचा उलगडा होतो.