कुलगुरूंची कागदपत्रे कोण तपासतो?

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला दरवर्षी तीच फाइल घेऊन मुलाखतीला उभे राहावे लागते. नेट-सेटचे प्रमाणपत्र, पीएच.डी.ची अधिसूचना, गुणपत्रके, शोधनिबंधांच्या प्रती. एखादा कागद कमी पडला की नियुक्तीची मान्यता लटकते. कायम प्राध्यापकांचीही पदोन्नतीच्या 'कॅस' फाइलमधून सुटका नाही. तेथे एकेका शोधनिबंधाचा हिशेब द्यावा लागतो. या सगळ्यांच्या वर जे बसतात, त्या कुलगुरूंच्या शोधनिबंधांची पडताळणी मात्र नीट झाली नव्हती, असे मुंबई विद्यापीठाच्या बाबतीत उच्च न्यायालयाला सांगावे लागले. तेही नियुक्तीला चार वर्षे उलटल्यावर. प्रकरण मुंबईचे असले, तरी ज्या पद्धतीतून ते घडले, तीच पद्धत शिवाजी विद्यापीठासह राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांत होती. म्हणून ते समजून घेतले पाहिजे.

वेळूकर प्रकरण काय होते?

डॉ. राजन वेळूकर यांची मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूपदी जुलै २०१० मध्ये नियुक्ती झाली. त्यापूर्वी ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे प्रशासकीय अनुभवाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता पात्रतेच्या एका अटीचा. पीएच.डी.नंतर तज्ज्ञांकडून तपासल्या जाणाऱ्या नियतकालिकांत किमान पाच शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावेत, ही ती अट. ती पूर्ण होत नाही, असा आक्षेप घेऊन याचिका दाखल झाल्या. ११ डिसेंबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाने नियुक्ती थेट रद्द केली नाही. शोध समितीने या अटीचा विचार नीट केला नाही, तो पुन्हा करावा, असे सांगितले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्यपालांनी त्यांना कामापासून दूर राहण्यास सांगितले. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती दिली आणि ते पुन्हा खुर्चीत बसले. जुलै २०१५ मध्ये त्यांची पाच वर्षांची मुदत संपली.

डॉ. वेळूकर पात्र होते की नव्हते, हा वाद येथे उकरून काढायचा नाही. पण अर्ज छाननीच्या टेबलावर एका दुपारी संपला असता, असा हा विषय होता. यादी पुढ्यात घ्यायची, निबंध मोजायचे, नियतकालिक कोणते ते पाहायचे. त्यासाठी पाच वर्षे कोर्टकज्जा झाला, आणि उत्तर पदरात पडेपर्यंत प्रश्नच कालबाह्य झाला.

अपात्र कुलगुरूंनी सही केलेली पदवी रद्द होते का?

नाही. पालकांनी घाबरण्याचे कारण नाही. एखादी व्यक्ती रीतसर नियुक्तीच्या आधारे पदावर काम करत असेल, तर नियुक्तीत पुढे दोष निघाला तरी त्या काळात तिने केलेली कामे वैध मानली जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये एका न्यायाधीशाच्या नियुक्तीबाबत हे तत्त्व स्पष्ट केले आहे. तेच विद्यापीठालाही लागू पडते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र याच तत्त्वामुळे चुकीच्या नियुक्तीची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही, हेही खरे. निवड करणारे निवड करून मोकळे होतात.

अशा नियुक्तीला 'कोणत्या अधिकाराने हे पद धारण केले?' असे विचारणाऱ्या याचिकेतून आव्हान देता येते. न्यायालय त्यात उमेदवार चांगला की वाईट हे पाहत नाही. कायद्यातली अट पूर्ण होते की नाही, एवढेच पाहते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सहा जिल्ह्यांतील लोकांची मुंबईची वारी वाचली आहे.

अटच चुकीची असेल तर?

हा आक्षेप गंभीर आहे आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत तो ठळकपणे पुढे आला. कुलगुरू डॉ. अजित रानडे यांना सप्टेंबर २०२४ मध्ये तत्कालीन कुलपती विवेक देबरॉय यांनी पदावरून दूर केले. कारण, प्राध्यापक म्हणून सलग दहा वर्षांचा अनुभव नाही. रानडे हे नावाजलेले अर्थतज्ज्ञ. कारकिर्दीचा मोठा भाग उद्योगक्षेत्रात गेलेला. उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम दिलासा दिला, त्यानंतर देबरॉय यांनीच कुलपतिपद सोडले आणि नोव्हेंबरमध्ये रानडे यांनीही राजीनामा दिला. दोघेही गेले, मूळ प्रश्न तसाच राहिला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा वर्षे प्राध्यापकपद किंवा नामवंत संशोधन वा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेतील तेवढाच अनुभव, अशी अट आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा आणला. त्यात उद्योग, सार्वजनिक प्रशासन, सार्वजनिक उपक्रम येथील वरिष्ठांनाही दार उघडले. अट सैल करावी की नाही, यावर मतभेद असू शकतात. माझ्या मते काही विद्यापीठांना बाहेरच्या माणसाचा उपयोगच होईल. परंतु अट बदलायची तर जाहिरात निघण्यापूर्वी, उघडपणे बदला. जुनी अट कागदावर ठेवायची आणि आपल्या माणसासाठी तिच्याकडे डोळेझाक करायची, यात अट वाचून अर्जच न करणाऱ्या इतर पात्र उमेदवारांवर अन्याय होतो. त्यांची दादफिर्याद कोणी घेत नाही.

(मंत्र्यांची गोष्ट वेगळी. राज्यघटनेने मंत्र्याला पदवीची अट घातलेलीच नाही. २०१५ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री विनोद तावडे यांच्या ज्ञानेश्वर विद्यापीठातील पदवीवरून गदारोळ झाला, तो मान्यतेचा आणि नैतिकतेचा प्रश्न होता. पद जाण्याचा नव्हे.)

हितसंबंधांचे काय?

पात्रता निदान मोजता येते. हितसंबंध मोजता येत नाहीत, म्हणून त्यांची नोंदच होत नाही. २०१८ चे नियम शोध समितीच्या सदस्यांबाबत स्पष्ट आहेत: त्यांचा संबंधित विद्यापीठाशी किंवा त्याच्या महाविद्यालयांशी कोणत्याही प्रकारे संबंध नसावा. आमच्याकडे दोन माणसे भेटली की तिसऱ्या वाक्यात पाहुणे निघतात, तेव्हा ही अट किती कठीण आहे ते वेगळे सांगायला नको. पण म्हणूनच ती लेखी हवी.

निवडीनंतरही प्रश्न संपत नाही. संस्थाचालकांचे प्रतिनिधी अधिसभेत आणि व्यवस्थापन परिषदेत असतात आणि त्याच विद्यापीठाकडून त्यांच्या महाविद्यालयांना संलग्नता, नवे अभ्यासक्रम, वाढीव तुकड्या मिळत असतात. कुलगुरू कोण आहे, यात त्यांना रस असणारच. तो रस बेकायदा नाही. लपवलेला असणे वाईट. त्यातच कुलगुरू नेमायचे कोणी, यावरून राजभवन आणि मंत्रालय यांची रस्सीखेच. डिसेंबर २०२१ मध्ये आघाडी सरकारने राज्याने सुचवलेल्या दोन नावांतून राज्यपालांनी निवड करावी आणि मंत्र्यांनी प्र-कुलपती व्हावे, असे विधेयक संमत केले; सत्ता बदलल्यावर ते मागे घेतले गेले. नेमणारा हात कोणाचा, यावर दोन्ही बाजू भांडल्या. उमेदवाराची फाइल लोकांपुढे ठेवा, असे मात्र कोणीच म्हटले नाही.

'सेबी'च्या तत्कालीन अध्यक्ष माधवी पुरी बुच यांच्यावर २०२४ मध्ये हितसंबंधांचे आरोप झाले. त्यांनी ते फेटाळले आणि मे २०२५ मध्ये लोकपालांनी तक्रारी निकाली काढल्या. तरीही 'सेबी'ने प्रत्युष सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून आपल्याच अधिकाऱ्यांसाठीचे नियम नव्याने तपासायला घेतले. आरोप टिकला नाही, तरी नियमातली फट तपासली गेली. विद्यापीठांत याच्या उलट होते: माणूस बदलतो, पद्धत राहते.

करायचे काम फार खर्चाचे नाही. अंतिम यादीतील पाच नावे जाहीर होतातच. त्यांच्यासोबत प्रत्येकाचा अनुभवाचा तक्ता आणि शोधनिबंधांची यादी संकेतस्थळावर टाकावी, आणि आक्षेपांसाठी पंधरा दिवस द्यावेत. शोध समितीच्या सदस्यांनी कोणत्या उमेदवाराशी आपला काय संबंध आहे, हे सहीनिशी लिहून द्यावे आणि तो कागद इतिवृत्ताला जोडावा. शोधनिबंध खरे की खोटे, हे मग प्राध्यापकच शोधून काढतील. त्यांना त्या फाइलची सवय आहे.