'हात लावू नकोस'चं कपाट

पुरुषाचा तो छंद आणि बाईचा तो पसारा, असा एक जुना हिशेब आपल्या घराघरांत आहे. त्याने पोस्टाची तिकिटं जमवली तर तो संग्राहक. तिने लेस, बटणं, लोकरीचे गुंडे जमवले तर 'किती ती अडगळ!' यावर पुष्कळ लिहून झालंय, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते पुढच्या टप्प्याबद्दल. तो माणूस जातो, संग्रह मागे राहतो, आणि जिला जन्मभर 'हात लावू नकोस' म्हणून बजावलं, तिलाच चौदाव्या दिवशी सांगतात, 'काय ठेवायचं, काय टाकायचं ते आता तूच बघ.'

आमच्या माहेरी हे कपाट मॉडेल विमानांच्या इंजिनांचं आहे. बाबा कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते, तिथे हे वेड लागलं ते शेवटपर्यंत. त्या काळी विमान दोन तारांच्या टोकाला बांधून गोल गोल उडवत. मध्ये उभ्या माणसाच्या हातात मूठ, तारा ओढल्या की विमान वर किंवा खाली. त्याच्या नाकावर मुठीत मावेल एवढं खरंखुरं इंजिन. कोलकात्याचं ऑरोरा, जपानचं एन्या आणि ओएस, इंग्लंडचं मिल्स, अमेरिकेच्या कॉक्सचं ते इवलंसं 'बेब बी', फक्त ०.८ सीसीचं, पाठीला स्वतःची इंधनटाकी घेऊन बसलेलं. शिवाय अफगाण स्नोच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये सुट्टे भाग: कनेक्टिंग रॉड, सुया, वायसर, गॅस्केटं, ग्लो प्लग. कपाट उघडलं की एरंडेलाचा भपकारा येई आणि आम्ही मुलं एरंडेल प्यायल्यासारखीच तोंडं करून पळायचो.

बाबा गेल्यावर भावाने भंगारवाल्याला बोलावलं. यात भावाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला बंगळुरूचं विमान गाठायचं होतं, तेही खरं विमान. भंगारवाल्याने एक इंजिन हातात घेतलं, पंख्याचा दांडा फिरवून पाहिला. हलेना. 'जाम आहे, ॲल्युमिनियमच्या भावाने घेतो,' म्हणाला. तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, 'जाम नाहीये ते. एरंडेल सुकलंय.'

बरोबर होतं तिचं. या इंजिनांच्या इंधनातच वंगण मिसळलेलं असतं. ग्लो प्लगच्या इंजिनाला मिथेनॉल, एरंडेल आणि थोडं नायट्रोमिथेन. डिझेल प्रकाराला ईथर, रॉकेल आणि एरंडेल. बाकीचं सगळं उडून जातं, एरंडेल मागे राहतं. उष्णतेने त्याचं तपकिरी रोगण होतं आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं की पिस्टन जागच्या जागी चिकटतो. म्हणजे जे इंजिन 'गेलं' म्हणून फेकलं जातं, ते पुष्कळदा नुसतं चिकटलेलं असतं. मात्र जोर लावला की खरंच जातं. पक्कड लावून दांडा फिरवणारे वीर कनेक्टिंग रॉड वाकवून बसतात.

साफसफाई मग मी आणि आईने मिळून केली, चार-पाच रविवार लागले. मैत्रिणींनो, इथे आपले नेहमीचे उपाय विसरायचे. पितांबरी नको, राख नको, घासणीची तार तर मुळीच नको. एक कण आत राहिला तरी पिस्टनवर ओरखडा. कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन साफ करायचं द्रावण ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. छंदी लोकांची खात्रीची युक्ती वेगळी आहे. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालायचं ग्लायकॉलचं कूलंट मंद गरम ठेवायचं आणि इंजिन त्यात काही तास मुरू द्यायचं. त्याआधी प्लास्टिकचे, रबराचे, रंगीत मुलामा दिलेले भाग काढून ठेवायचे. आम्ही अडगळीतला राइस कुकर 'वॉर्म'वर लावून बाल्कनीत ठेवला. कूलंट विषारी असतं, वर चवीला गोड, त्यामुळे मांजरांपासून, पोरांपासून सांभाळावं लागतं; आणि त्या भांड्यात पुन्हा कधीही भात शिजवायचा नाही. मुरलेलं इंजिन मऊ टूथब्रशने घासलं, गरम पाण्याने धुतलं, लगेच वाळवलं आणि तेल सोडलं. वेळ घालवला तर आतले बेअरिंग गंजतात. दुसऱ्या दिवशी दांडा हलक्या हाताने ढकलला आणि तो फिरला, 'फुस्स' असा श्वास सोडत. त्या आवाजाने आई हसली. कितीतरी महिन्यांनी.

चकचकीत मात्र केलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की, काळी साय काढावी, पण वापराच्या खुणा राहू द्याव्यात. जाणकार संग्राहकही पॉलिश मारलेल्या इंजिनाकडे संशयाने बघतात. मूळ खोकं, सोबतचा कागद, छोटा पाना, यांची किंमत इंजिनाइतकीच.

दुसरं जपण्यासारखं म्हणजे पिस्टन आणि लायनरची जोडी. जुन्या इंजिनांत हे दोन भाग एकमेकांसाठीच घासून बसवलेले असतात. दोन इंजिनं एकदम उघडली आणि पिस्टनांची अदलाबदल झाली, तर दोन्ही निकामी व्हायची भीती. इतकं पत्रिका जुळवलेलं जोडपं मी दुसरं पाहिलेलं नाही. म्हणून एका वेळी एकच इंजिन, एकच ताट. हा नियम आईचा.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. आईला हे सगळं कुठून ठाऊक? 'हात लावू नकोस' हे कपाटापुरतं होतं. मैदानावर विमान धरायला मात्र तीच लागायची. बाबा बोटाने पंखा मारायचे, इंजिन उलटं फिरून बोट फुटलं की आयोडीन लावायची तीच. चाळीस वर्षं ती कानाने शिकत होती. आवाज जाड, अडखळता आला तर इंधन जास्त. किंचाळायला लागलं तर कमी, मग सुई थोडी उघडायची. डिझेलच्या माथ्यावरचा स्क्रू किती पिळायचा, कुठली सुई कुठल्या इंजिनाची, हे तिने मला स्नोच्या बाटल्या उलट्या करता करता सांगितलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. बाबांनी नाही, भावाने नाही. मीही आधी बाबांचे मित्रच शोधायला निघाले होते.

अशी कपाटं कितीतरी घरांत असतील. कॅमेरे, ट्रान्झिस्टर, घड्याळं, सतारीच्या खुंट्या. आता मॉडेल विमानं बहुतेक बॅटरीवर उडतात. ही इंजिनं ज्यांनी वापरली ती पिढी सत्तरी-ऐंशीत आहे. म्हणून त्या पुरुषांना माझं सांगणं आहे: आज संध्याकाळी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा, आणि लावताना बायकोला, सुनेला, लेकीला शेजारी बसवा. नुसती यादी पुरत नाही, हात लावू द्या. आणि मुलांना सांगणं हे की, भंगारवाल्याला फोन करण्याआधी आईला विचारा. तिने काही टाकायचं म्हटलं तर टाका. पण निर्णय माहितीने होऊ दे, थकव्याने नको. घरातल्या बायांवर आम्ही संग्रहालय चालवायची सक्ती करावी असं मी मुळीच म्हणत नाहीये. आईने स्वतःच अर्धी इंजिनं विकायची ठरवली आहेत. घराला रंग लावायचाय तिला.

त्यासाठी गेल्या महिन्यात एका संग्राहकांचा फोन आला. मिल्सबद्दल दोन प्रश्न मला विचारले, मग म्हणाले, 'घरात कुणी जाणकार पुरुष माणूस असेल तर त्यांना द्या ना फोन.' मी आईला दिला. वीस मिनिटं बोलत होती. किमतीत एक रुपया सोडला नाही.