कोडे एकट्याने सोडवू नये

आमचे एक स्नेही आहेत. सकाळी फिरायला भेटले की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते : "आजचे शब्दकोडे वीस मिनिटांत उडवले, आणि कोणाला एक अक्षर विचारले नाही!" मी गप्प बसतो. कारण आमच्या घरचे कोडे सकाळच्या चहाबरोबर सुरू होते ते कधी कधी रात्रीच्या पानापर्यंत चालते. आणि कोणाला न विचारता ते पुरे झाल्याचे मला आठवत नाही. पूर्वी मला याची लाज वाटे. आता वाटत नाही. उलट आमच्या स्नेह्यांचेच काहीतरी हुकते आहे, असे माझे मत झाले आहे.

मदत घेणे म्हणजे लबाडी, ही समजूत आली कोठून? कोडे जन्मले ते निव्वळ करमणूक म्हणून. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत ते प्रथम छापले. आपल्याकडे मात्र मध्यंतरी त्याला पैशाची संगत लागली. फी भरा, उत्तरे धाडा, बक्षीस जिंका, अशा स्पर्धांचा इतका सुळसुळाट झाला की १९५५ साली कायदा करून महिन्याच्या बक्षिसांवर एक हजार रुपयांची मर्यादा घालावी लागली. आमच्या वडिलांना म्हणूनच शब्दकोडे आणि पत्त्यांचा अड्डा यांत फारसा फरक वाटत नसे. पैसा लावलेल्या डावात दुसऱ्याचे पान पाहणे ही चोरी खरीच. पण रोजच्या अंकातल्या कोड्याला ना फी, ना बक्षीस. मग येथे फसवायचे कोणाला?

अर्थात सगळी मदत सारखी नसते. उद्याच्या अंकातले उत्तर पाहून चौकोन भरणे ही मदत नव्हे, ती शरणागती. मोबाइलला विचारले तर तो उत्तर देतो आणि तेथेच विषय संपतो. शब्दकोश हा त्यातल्या त्यात सज्जन सोबती. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड ज्याच्या कपाटात असतील तो भाग्यवान. पण कोशाची एक अडचण आहे. शब्द ठाऊक असेल तर त्याचा अर्थ तेथे सापडतो. कोड्यात नेमके उलटे असते. अर्थ हातात असतो आणि शब्द हवा असतो. त्या वाटेने नेणारा कोश माणसाच्या डोक्यात असतो. आमच्या घरी तो आत्याच्या डोक्यात होता.

रामबागेतल्या घराच्या ओसरीवर आत्या बसायची. तिचे सासरे होळकर सरकारच्या चाकरीत होते, त्यामुळे दरबारी शब्द तिच्या तोंडात घरच्या भांड्यांसारखे वावरत. अंक मांडीवर घेऊन माझी नात तिच्याजवळ जाई. नातीची शाळा हिंदी आणि इंग्रजीची, मराठी घरापुरती. एकदा शोधसूत्र आले, 'शिक्षा, अक्षरे दोन'. नातीने ठणकावून 'विद्या' लिहिले. आत्या हसली आणि म्हणाली, "अगं, शाळेत जाऊन मिळते ती नव्हे; शाळा चुकवली की मिळते ती!" नातीने जीभ चावली आणि खोडून 'दंड' लिहिले. इंदुरात राहणाऱ्या मराठी मुलाला हा एक चौकोन जे शिकवतो, ते व्याकरणाच्या पुस्तकाला साधेल असे वाटत नाही.

दुसऱ्या एका दिवशी होते, 'हत्ती बांधण्याची जागा, अक्षरे चार'. नातीने आपल्या गावाला स्मरून 'हाथीपाला' लिहिले. अक्षरे बरोबर चार! पण तिसऱ्या चौकोनातून खाली 'खारीक' उतरत होती, तिने 'पा'ला जागा दिली नाही. आत्याने उत्तर सांगितले नाही. "पहिले अक्षर 'पी'," एवढेच म्हणाली, आणि मग दसऱ्याच्या स्वारीतल्या हत्तींचे वर्णन अर्धा तास चालले. 'पीलखाना' सापडेपर्यंत माझा चहा दोनदा गार झाला.

मदत एकाच बाजूने होत असे असेही नाही. 'काव्य करणारा' म्हटल्यावर आत्या 'कवि' लिहायची, वि ऱ्हस्व. खाली 'वीट' अडायची. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले. आत्याची शाळा त्याआधीच संपलेली. नात मग तिला समजावी की आता शेवटची वेलांटी दीर्घ काढायची असते. "तुमच्या नियमांनी आमचे कवि लांबवले," असे पुटपुटत आत्या ते मान्य करी.

गेल्या पावसाळ्यात आत्या गेली. त्यानंतरच्या कोड्यांत रिकामे चौकोन राहू लागले, आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. इतकी वर्षे मी तिला उत्तरे विचारली. शब्द विचारले नाहीत. चौकोनाला हवे तेवढेच घेतले. मुदपाकखान्यात काय काय असे, लग्नघरी कोठीची व्यवस्था कोण पाही, कोणत्या पदार्थाला आमच्याकडे कोणते नाव होते, हे कोणत्याही कोड्यात आले नाही म्हणून राहून गेले. लिहून घ्यायला पेन्सिल तर रोजच हातात होती.

आपल्यासारख्या, मराठी मुलखापासून दूर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरांत भाषा सभासंमेलनांनी टिकते तशीच असल्या ओसरीवरच्या विचारपुशीनेही टिकते. तेव्हा वाचकांना माझे सांगणे एवढेच की, अंक आला की तो आधी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या हाती द्या आणि सर्वांत लहानाला त्याच्याजवळ बसवा. उत्तर सापडले तरी उठू नका. "हा शब्द तुम्ही कोठे ऐकलात?" असे विचारा, आणि सांगतील ते अंकाच्या कडेला टिपून ठेवा.

परवा 'एकावर एक रचलेली मडकी, अक्षरे चार' येथे मी अडलो. नात दप्तर भरत होती. मान वर न करता म्हणाली, "उतरंड. आत्याआजीच्या माहेरी होती, खालच्या मडक्यात गूळ असायचा."

गुळाची गोष्ट मला ठाऊक नव्हती.