संशय म्हणजे झडतीचा परवाना नव्हे

‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ ही बातमी मराठी वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे याच शब्दांत छापत आली आहेत. गाव बदलते, वय बदलते, मथळा बदलत नाही. या मथळ्यातले चारित्र्य बाईचे असते आणि संशय पुरुषाचा. गोष्ट खुनापर्यंत जाण्याआधी घरात बरेच काही घडून गेलेले असते. पूर्वी कामावर अचानक जाऊन पाहणे, माहेरी चौकशी करणे, शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगणे असे प्रकार चालत. आता सुरुवात मोबाईलपासून होते. बायको झोपेत असताना तिचे बोट लावून फोन उघडला जातो. तिचे व्हॉट्सॲप गुपचूप दुसऱ्या लॅपटॉपला जोडले जाते. ती कुठे आहे हे कळवणारे ॲप तिच्या नकळत तिच्याच फोनमध्ये टाकले जाते.

कौटुंबिक वाद घेऊन येणाऱ्या जोडप्यांशी बोलताना हे सतत ऐकायला मिळते. आणि हे करणाऱ्यांत जयंतीला व्यासपीठावरून बोलणारे, संविधानाची उद्देशिका तोंडपाठ असणारे तरुणही असतात. म्हणून हा विषय ‘घरगुती’ म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

या तरुणांच्या हातात अलीकडे एक नवा दाखला आला आहे. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला आणि ‘पती-पत्नीने एकमेकांचे फोन रेकॉर्ड करणे आता कायदेशीर’ अशा अर्थाने तो ग्रुपमधून फिरू लागला. निकाल नेमका काय आहे?

प्रकरण पंजाबातील बठिंड्याच्या एका घटस्फोटाच्या खटल्यातले. पत्नीशी झालेली स्वतःची संभाषणे पतीने तिच्या नकळत रेकॉर्ड केली होती आणि क्रूरता सिद्ध करण्यासाठी ती न्यायालयात दिली. कौटुंबिक न्यायालयाने ती स्वीकारली. २०२१ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने पत्नीच्या खासगीपणाचा भंग होतो म्हणून ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा हा आदेश रद्द केला. पती-पत्नीत झालेले बोलणे साक्षीत उघड करू नये असे संरक्षण जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२२ मध्ये होते, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२८ मध्ये आहे. पण ते दोघेच एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे असतील तर त्या संरक्षणाला त्याच कलमात अपवाद आहे, असे न्यायालयाने म्हटले. आणि नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नाते आधीच मोडल्याचे लक्षण आहे, हेही न्यायालयाने नोंदवले. ग्रुपमध्ये फिरणाऱ्या मजकुरातून हे वाक्य गळून पडले.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून समजून घ्याव्या लागतात. पहिली, त्या खटल्यातले रेकॉर्डिंग पतीच्या स्वतःच्या संभाषणाचे होते. बायको तिसऱ्या माणसाशी काय बोलते हे चोरून ऐकण्याचा तो प्रश्न नव्हता. दुसरी, पुरावा स्वीकारला जाणे आणि तो मिळवण्याची रीत कायदेशीर ठरणे या दोन निराळ्या बाबी आहेत. बेकायदा मार्गाने आलेला पुरावा केवळ तेवढ्या कारणाने बाद होत नाही, हे आपल्या न्यायालयांचे जुनेच धोरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच रेकॉर्ड केलेल्या संभाषणाबाबत हे सांगितले होते. कोणी कुलूप फोडून कपाटातला कागद आणला तर न्यायालय तो कागद वाचेल. म्हणून कुलूप फोडल्याचा गुन्हा पुसला जात नाही.

आता कायद्याची दुसरी बाजू पाहू. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे, त्यातली माहिती उतरवून घेणे हे बेकायदा आहे, आणि मोबाईलही या व्याख्येत येतो. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा कलम ६६सी खाली गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. स्त्री इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कसाधने कशी वापरते यावर पाळत ठेवणाऱ्या पुरुषालाही ते कलम लागू होते आणि पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. ‘नवरा असेल तर गुन्हा नाही’ असे त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही. खोलीत छुपा कॅमेरा लावला तर कलम ७७ समोर उभे राहते.

काही जण स्वतः हात न घालता खासगी गुप्तहेर लावतात. या धंद्याचे नियमन करणारे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत आले होते, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे गुप्तहेराला कायद्याने कोणतेही खास अधिकार दिलेले नाहीत. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी लोकांच्या कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपाखाली खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. पैसे देऊन काम दुसऱ्याकडून करून घेतले म्हणून करवून घेणारा सुटतोच असे नाही.

‘बायको माझी, फोनही मीच घेऊन दिला, मग विचारायचे कोणाला?’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. दिलेला फोन तिचा होतो, एवढे कायद्याचे उत्तर पुरे आहे. पण खरा प्रश्न ‘माझी’ या शब्दात आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ याच शब्दावर उभे होते. दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवणारा पुरुष त्यात गुन्हेगार, पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला या कलमाखाली तक्रार करण्याची सोय नव्हती. गुन्हा नात्याविरुद्ध मानलेला नव्हता, तो मालकाविरुद्ध मानलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २७ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवले. १९५१ मध्ये याच तारखेला बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता आणि हिंदू कोड बिलाची झालेली कोंडी हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तारखांचा योगायोग असेल, विषय मात्र एकच आहे: स्त्री ही कोणाची मिळकत आहे की स्वतंत्र व्यक्ती?

स्त्रीला रात्रंदिवस पुरुषांच्या ताब्यात ठेवा, असे मनुस्मृती सांगते. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला, याचा आपल्याला अभिमान आहे. मग बायकोच्या फोनमध्ये चोवीस तास तिचा ठावठिकाणा कळवणारे ॲप टाकणारा भीमसैनिक नेमके कोणाचे काम पुढे नेतो आहे?

बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातल्या मूलभूत हक्कांत एक कलम असे होते की माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे. अंतिम संविधानात ते कलम त्या रूपात आले नाही. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. हा हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध वापरायचा आहे आणि दोन व्यक्तींमध्ये वर सांगितलेले कायदे कामी येतात, हे मान्य. पण ज्या वस्तीत पोलीस कधीही घुसून झडती घेतात त्या वस्तीतल्या माणसाला झडती म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पोलिसाने वॉरंट दाखवावे असे म्हणणाऱ्याने घरातल्या माणसाशी विनावॉरंट पोलिसासारखे वागू नये.

मग बायकांनी नवऱ्याचे फोन तपासलेले चालतात का? नाही. कलम ४३ आणि ६६ स्त्रीलाही लागू आहेत. मात्र एक फरक विसरू नये. नवरा स्वतः फोन करून धमक्या देत असेल, शिव्या देत असेल आणि बाईने ते आपल्याच फोनवर रेकॉर्ड केले, तर ती कोणाच्या खासगी जगात शिरलेली नाही. ज्या बाईकडे दुसरा साक्षीदार नाही तिच्यासाठी २०२५ च्या निकालाचा खरा उपयोग तिथे आहे.

हेरगिरीमागे अनेकदा पोटगीचा हिशेब असतो, तेही उघड बोलले पाहिजे. व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीला पोटगी मिळत नाही, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. म्हणून वकिलाकडे जाण्याआधीच स्क्रीनशॉट गोळा होऊ लागतात. पण ‘व्यभिचारात राहणे’ म्हणजे सततचा संबंध, असा अर्थ न्यायालये लावत आली आहेत. दोन गोड मेसेजवर पोटगी बुडत नाही. पितृत्वाबद्दलही तेच. केवळ संशयावरून मुलाची डीएनए चाचणी सरसकट मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले आहे.

सर्वांत गंभीर बाब आपल्या बैठकांची आहे. वाद विहारात किंवा समाजमंदिरात येतो, पंच मंडळी बसतात आणि नवरा सर्वांसमोर रेकॉर्डिंग वाजवतो, फोटो फिरवतो. त्या क्षणी ती बैठक समेटाची राहत नाही, ती जातपंचायत होते. खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय पाठवणे कलम ६६ई खाली गुन्हा आहे आणि लैंगिक कृत्याचा व्हिडिओ पसरवणे ६७ए खाली पाच वर्षांपर्यंत कैदेला पात्र आहे. ‘समाजाला दाखवले’ हा त्यावर बचाव नाही. कौटुंबिक खटला न्यायालय बंद दालनात चालवू शकते, मग आपण तो माईक लावून का चालवावा? प्रत्येक विहार समितीने ठराव करावा की बैठकीत कोणाचाही फोन, फोटो किंवा रेकॉर्डिंग पाहिले जाणार नाही.

याचा अर्थ जोडीदाराने फसवले तरी गप्प बसावे असा नाही. पंचशीलातले तिसरे शील बाहेरख्यालीपणाला मोकळीक देत नाही. सिगालोवाद सुत्तात पत्नीशी एकनिष्ठ राहणे हे पतीचे कर्तव्य सांगितले आहे आणि तिचा मान राखणे हेही त्याच यादीत आहे. पण न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील आहे. न दिलेला पासवर्ड यात येतो. एक शील मोडल्याचा संशय आला म्हणून दुसरे आपण मोडावे, असे तथागतांनी सांगितलेले नाही.

मग करायचे काय? आधी तोंडाने विचारा. उत्तर पटत नसेल तर समुपदेशकाकडे जा, आणि एकत्र राहणे शक्य नसेल तर वेगळे व्हा. व्यभिचार हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली पती आणि पत्नी दोघांसाठीही घटस्फोटाचे कारण आहे, आणि हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पुरावा हवा असेल तर वकिलामार्फत अर्ज करा, गरज पटल्यास न्यायालय संबंधितांकडून नोंदी मागवू शकते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, नुसते स्क्रीनशॉट छापून भागत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आणि ज्या बहिणीला आपल्या फोनमध्ये काहीतरी टाकले आहे असे वाटते, तिने घाईने सगळे पुसू नये, तो तुझाच पुरावा आहे. दुसऱ्या सुरक्षित फोनवरून १९३० या सायबर क्रमांकावर किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर बोल. घरात मारहाण किंवा मानसिक छळ असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा.

तरुण मित्रांनो, नाते टिकवण्याचा हक्क आपल्याला आहे, ते सोडण्याचाही आहे. नात्यातल्या माणसावर पहारा बसवण्याचा हक्क मात्र कोणालाच नाही. संविधान मोर्चात हातात धरायचे आणि घरात शिरताना उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हे आता थांबले पाहिजे.

जय भीम! जय संविधान!