दाम कामाचे, शिवी कशाची?

खेड्यापाड्यांतील कारागीर व शेतकरी बंधूंनो, एक साधा प्रश्न आहे. गिऱ्हाईक न्हाव्याच्या खुर्चीत बसते, दाढीचे पैसे ठरल्याप्रमाणे देते, आणि वस्तरा जरा कोरडा लागला की "ए न्हाव्या, हात मोडला काय रे?" म्हणून चार माणसांत ओरडते. त्याने पैसे दिले ते दाढीचे की या ओरडण्याचे? दाढीचे दिले असतील, तर ओरडण्याचा हक्क त्याने कोणत्या बाजारात विकत घेतला?

आम्ही पडलो मास्तर. ट्रेनिंग कॉलेजात आमच्याकडून व्याकरण घोटून घेतलेले, म्हणून कान आपोआप तिकडे जातो. सुतार हा शब्द धंद्याचा. त्यात वाईट काही नाही. पण त्यास 'ड्या' चिकटला की तोच शब्द थोबाडीत मारल्यासारखा लागतो. साठ वर्षांच्या सुतारास वीस वर्षांचे पोर 'अरे' म्हणते आणि तो म्हातारा त्या पोरास 'अहो दादा' म्हणतो, हे कोणत्या व्याकरणात बसते? वयाने ते ठरत नाही, कामानेही ठरत नाही, जातीने ठरते. बलुत्याच्या पेंढ्या जाऊन रोख पैसे आले, आता तर मोबाईलवरून पैसे येतात; दुकानात आरसे आले, पंखे आले; बोली मात्र बलुत्याचीच राहिली.

काही शहाणे म्हणतात, शब्दांनी अंगाला भोके पडत नाहीत, ऐकून सोडून द्यावे. या शहाण्यांनी कधी कारागिराची उधारीची वही पाहिली आहे काय? ज्यास 'अहो' म्हणावे लागते त्याचे पैसे माणूस लगेच देतो; ज्यास 'अरे' म्हणता येते त्याचे पैसे पोळ्यापर्यंत लटकतात. शिवी फुकट नसते. ती कारागिराच्या मजुरीतून कापली जाते.

शेतकरी बंधूंनी येथे मान डोलवून गप्प बसू नये. शनिवारी न्हाव्यास 'ए' म्हणणारा शेतकरी मंगळवारी कांद्याची गाडी घेऊन बाजार समितीत जातो. तेथे गिऱ्हाईक म्हणजे व्यापारी. तो ढिगात हात घालतो, एक कांदा चुरडतो आणि म्हणतो, "काय रे गबाळ्या, हा उकिरडा कोणाला विकतोस?" शेतकऱ्याची मान खाली जाते, कारण गाडीभाडे डोक्यावर आहे आणि माल परत नेणे परवडत नाही. मान एकदा खाली गेली की भावासाठी हुज्जत कोण घालणार? व्यापाऱ्यास हे पक्के ठाऊक असते. त्याची शिवी रागाची नसते, हिशेबाची असते. जो न्हाव्याच्या दुकानात ही बोली चालू ठेवतो, त्याने बाजारात ती आपल्यावर उलटली म्हणून कोणापुढे रडावे?

शहरातील दुकानमालक तर याहून पुढे गेले. गिऱ्हाईक हा देव, अशी पाटीच त्यांनी टांगली. गांधीजींच्या नावावर गिऱ्हाईकाच्या थोरवीचे एक वाक्य चौकटीत लावतात. ते त्यांच्या लेखनात सापडत नाही असे अभ्यासक सांगतात, पण चौकट काही उतरत नाही. देवाने शिवी दिली तर भक्ताने हात जोडावे, हा त्यातला मतलब. आमच्या मुली कापडाच्या दुकानांत उभ्या राहतात, मुले घरोघर पार्सले पोचवितात. त्यांना देव रोज भेटतो. मालक देवाच्या बाजूचा, कारण त्याच्या खिशात देवाचे पैसे पडतात.

पैसे दिले म्हणजे वाटेल ते करून घेता येते, हे कारागिरांनी पूर्वीच नाकारलेले आहे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. ते कामही पैशाचेच होते, आणि ते सोडल्यावर पोट भरण्यास दुसरे कोणी येणार नव्हते. तरी त्यांनी हात आखडला. आणि 2020 सालच्या टाळेबंदीत आपल्या राज्यातील केशकर्तनालये जूनच्या अखेरीपर्यंत बंद राहिली, तेव्हा गिऱ्हाईकांचे केस कानांवर उतरले. त्या दिवसांत 'न्हाव्या'चा 'दादा' झाला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. बोली बदलता येते, फक्त गरज लागावी लागते.

कायद्याचे विचाराल, तर तो आहे, पण सर्वांस सारखा नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसास लोकांच्या देखत जातीच्या नावाने शिवी देणे, हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. फाटकाशी मोटारीजवळ उभ्या असलेल्या माणसास जातीवरून हिणवले, तर ती जागा लोकांच्या नजरेतली धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली म्हटले. उलट, घराच्या चार भिंतींत बाहेरचे कोणी नसताना उच्चारलेले शब्द या कलमात बसत नाहीत, असे 2020 साली म्हटले. म्हणून जोडे शिवणाऱ्या बंधूने ऐकणाऱ्या चौघांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावी. न्हावी, सुतार, लोहार, कुंभार यांस मात्र हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 352 आहे. ते अदखलपात्र असल्यामुळे ठाण्यात नोंद होते, कागद हाती मिळतो, आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करीत नाहीत. मुलींकरिता 2013 चा कायदा चांगला आहे. गिऱ्हाईक अश्लील बोलले तरी कामाची जागा सुरक्षित ठेवणे मालकावरच बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी माणसांचे दुकान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. मुलीला नोकरीवर धाडताना डब्याबरोबर एवढी माहितीही द्यावी.

पण प्रत्येक 'अरे'साठी कचेरीत जाणे कोणास जमणार? शिवीस शिवी देऊ नये. तसे केले की भांडण दोघांचे ठरते आणि साक्षीदार घरी जातात. हात थांबवावा. शेजारच्या गावी एका न्हाव्याने अर्धी दाढी झाली असताना वस्तरा खाली ठेवला आणि म्हटले, "नीट बोला, मग पुढची बाजू करतो." गिऱ्हाईक फेस लावलेला गाल घेऊन बाहेर कसे जाणार? दोन मिनिटे आरशात पाहत राहिले, मग "बरं, करा" म्हणाले. 'कर' नव्हे, 'करा'.

एकट्याने हे केले तर गिऱ्हाईक पुढच्या गावी जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून बाजाराच्या गावाभोवतालच्या सर्व दुकानदारांनी आधी एक पाटी ठरवावी आणि एकाच दिवशी लावावी: "येथे नावाने किंवा अहो-जाहो बोलावे. शिवी दिल्यास काम थांबेल." एकाने थांबविलेले काम दुसऱ्याने हाती घेऊ नये. शेतकऱ्यांनी बाजार समितीत हाच ठराव आणावा. व्यापाऱ्याचा परवाना समिती देते, आणि समितीवर माणसे मते देऊन पाठविली जातात. मते मागण्यास येणाऱ्याला हा ठराव आधी दाखवावा. आमच्या भागात बहुतेक सलून सोमवारी बंद असतात. सभेला तोच दिवस बरा, आणि शाळेची ओसरी संध्याकाळी पाचनंतर मोकळी असते.